काचेची पट्टी

"साहेब, आमचा बुरूज कोसळला, की मग तरी तो आमचा होईल का?"

नुत्साने विचारलं, आणि कुंपणावर बसलेल्या तिच्या दोन्ही मैत्रिणींनी माना फिरवल्या. सकाळपासून त्याच तिला डिवचत होत्या. पर्यटकांसमोर पोपटासारखी बोलतेस, वारसा खात्याच्या साहेबांसमोर बोलून दाखव, लागली पैज म्हणे. आता ती बोलली, तर दोघींना एकदम सूर्यफुलाच्या बिया सोलायचं सुचलं.

अंगणात जेवायला बसलेल्या रेवाझ साहेबांच्या तोंडात घास होता. तो त्यांनी सावकाश चावला.

"मुर्मान, मुलगी वकील होणार तुझी," एवढंच म्हणाले.

बाबांनी वर्षभर राग साठवून ठेवला होता. पण जीप दारात थांबली, की आई आधी मांस भरलेली गरम कुब्दारी पुढे ठेवायची, आणि आपल्या घरचं खाल्लेल्या माणसावर आवाज चढवायचा नाही, हे स्वानेतीच्या डोंगरात शेंबड्या पोरालाही कळतं. साहेबही दर वर्षी बरोबर भुकेले यायचे.

बुरूज आठशे वर्षांचा. त्याने किती शत्रू आणि किती हिमकडे झेलले, हे नुत्सा पर्यटकांना हातवारे करून सांगायची. खालच्या खोलीतली भेग मात्र घोंगडीआड झाकलेली असायची. दोन वर्षांपूर्वी बाबांनी त्या भेगेत सिमेंट भरलं होतं, अगदी मायेने, बोटाने चोपून. महिन्याभरात नोटीस आली: पुरातन भिंतीला सिमेंट चालत नाही, काढून टाका. बाबांनी स्वतःच छिन्नीने ते काढलं, आणि सिमेंटबरोबर जुना दगडही निघाला. पूर्वी भेगेत बोट जायचं, आता पंजा जातो.

जेवण झाल्यावर साहेबांनी घोंगडी बाजूला केली. मागच्या जूनमध्ये त्यांनी भेगेवर आडवी चिकटवलेली काचेची पट्टी मधोमध तुटली होती. त्यांनी माप घेतलं, फोटो काढला, प्लास्टरने नवी पट्टी लावली, खाली तारीख लिहिली.

"काच तुटली म्हणजे भिंत हलतेय," ते नुत्साला म्हणाले.

"मग?"

"मग मी तसं लिहितो."

"आणि मग?"

साहेब बोटांवरचं प्लास्टर पुसत राहिले. "माझ्या यादीत एकशे सत्तर बुरूज आहेत, पोरी. सगळं लिहून वर पाठवतो. वरून काही येत नाही. माझ्याकडे काचच आहे."

निघताना ते बाबांना हळूच म्हणाले की, जमलं तर दुसरीकडे झोपत जा. बाबांनी विचारलं, कुठे? घर बुरुजाला टेकलेलं. तेही यादीतच, अंगणात एक खोली वाढवायलाही परवानगी नाही. ही परवानगी कोण नाकारतं, ते साहेबांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी आईच्या जेवणाचं पुन्हा एकदा कौतुक केलं आणि ते जीपमध्ये बसले.

मैत्रिणी धावत आल्या. पैज जिंकलीस, म्हणत त्यांनी बियांची पुडी तिच्यापुढे धरली. एरवी नुत्साने गावभर मिरवलं असतं. तिने पुडी घेतली, न बघताच खिशात कोंबली आणि ती घरात गेली.

संध्याकाळी गाई बांधून आईबाबा आत आले, तेव्हा माळ्यावरची तिची गादी बुरुजाच्या खालच्या खोलीत आली होती. भेगेच्या अगदी खाली. भिंतीपलीकडे त्या दोघांची खाट.

आई म्हणाली, हे काय नवीन खूळ?

"आजपासून मी इथे झोपणार," उशी थोपटत नुत्सा म्हणाली. "बाबांना एका कानाने ऐकू येत नाही, आणि तू आडवी झालीस की मेल्यासारखी झोपतेस. काच तुटल्याचा आवाज कुणाला तरी यायला हवा."