कोटावरची थुंकी

पहिली थुंकी गिटारवर पडली, तेव्हा नेव्हिलचा जीव भांड्यात पडला. बार्न्सलीतल्या त्या पबच्या माडीवर पोरं नुसती हाताची घडी घालून उभी राहिली असती, तर त्याच्या 'द ब्लॉक्ड सिंक्स' या बँडची चांगलीच शोभा झाली असती. पंक रॉकवाल्यांची रीतच उफराटी. बँड आवडला की टाळ्या नाहीत, थुंकायचं. दुसरं गाणं संपेपर्यंत नेव्हिल पार भिजला होता आणि खूश होता.

तिसऱ्या गाण्याला त्याला दाराशी बाप दिसला.

वॉल्टर क्लेग कोळशाच्या खाणीत कामाला होता आणि खाणीच्या बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे छोटी पितळी तुतारी, वाजवायचा. त्या बँडचा लाल कोट एके काळी नेव्हिलच्या आजोबांचा होता. आता तो नेव्हिलच्या अंगावर होता, एक बाही फाडून सेफ्टी पिनांनी टाचलेला. हे घरी कळलं त्या दिवसापासून बापाने अबोला धरला होता. काल तेवढं एक वाक्य बोलला, "सोमवारी खाणीत यायचंय, सांगून ठेवलंय मी."

सोमवारीच बँडची व्हॅन लंडनला निघणार होती. नेव्हिलने ते सांगितलंच नाही. हजार लोकांसमोर बोंबलणारा हा गडी, पण बापासमोर त्याची बोबडी वळायची.

"नेव्ह, हात चालव की!" ड्रमवरून पॉलीन ओरडली. "भूत बघितलंस का?"

"बाप आलाय."

"मेलास मग!" म्हणत ती आणखी जोरात बडवायला लागली.

बाप गर्दीतून पुढे सरकत होता. टाय लावलेला, बूट चकचकीत. माणूस इतका टापटिपीचा, की कॉर्नेटमधली थुंकीसुद्धा रुमालावर झाडायचा. आणि इथे त्याच्या वडिलांच्या कोटावर चहूबाजूंनी थुंकी पडत होती. नेव्हिलने पाठ फिरवली, तर पाठीवरही पडली. त्याची बोटं चुकायला लागली. कुणाला कळलं नाही. बापाला कळलं असणार.

वॉल्टर थेट स्टेजपाशी आला. त्याने वर पाहिलं, गाल फुगवले आणि थुंकला. बरोबर कोटाच्या पितळी बटणांवर.

नेव्हिलला भर गर्दीत रडू फुटलं. पोरांची थुंकी निराळी, जन्मदात्याची निराळी. उरलेली गाणी त्याने कशीबशी रेटली. पॉलीन काही म्हणाली, ते त्याला ऐकूही आलं नाही.

मागच्या जिन्याने तो गल्लीत उतरला, तर बाप तिथेच उभा होता. नेव्हिलने कोट काढून पुढे केला.

"घ्या, डॅड. थुंकलात ते बरोबरच केलंत. सोमवारी येतो खाणीत."

बापाने कोट घेतला नाही. मग त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"का रे, माझं काही चुकलं का?" तो चाचरत म्हणाला. "दारावरची पोरगी म्हणाली, आवडलं तर असंच करतात."