चार मिनिटांचं भांडण

जर्मनीतल्या कासेल शहरातल्या डेटलेफकडे दोन हजार डीव्हीडी होत्या, आणि डीव्हीडी-शौकिनांच्या सामाईक ऑनलाइन यादीतल्या चुका सुधारण्यात त्याचे निवृत्तीचे दिवस मजेत चालले होते. एका चित्रपटाची लांबी त्याने चौऱ्याण्णवची अठ्ठ्याण्णव मिनिटं केली. हॅम्बुर्गच्या उवेने ती पुन्हा चौऱ्याण्णव केली. महिनाभर दोघांची जुंपली होती.

शेवटी बायको रोझविटा वैतागून म्हणाली, "अरे, एकदा लाव तो सिनेमा आणि घड्याळ बघ."

"लावू? म्हणजे वरचं प्लास्टिक फाडू?" डेटलेफने कोरी डीव्हीडी छातीशी धरली.

त्यापेक्षा त्याने उवेलाच लिहिलं, "तुम्ही स्वतः मिनिटं मोजलीत का?"

उवेचं उत्तर लगेच आलं.



"वेड लागलंय का? माझी अजून सीलबंद आहे."