गोमुखाखालची बाटली

या, जरा पुढे सरका. भिंतीला टेकलेल्यांनीही कान इकडे द्या. बहारीनमधल्या एका बाटलीची गोष्ट सांगतो. ऐकताना किळस येईल, पण मध्येच उठू नका.

शुक्रवारची दुपार होती. तिथल्या गुदैबिया वस्तीत गुंडूच्या खोलीत जपानचं आख्यान रंगात आलं होतं. गुंडू मूळचा कोल्हापूरचा, सित्र्याच्या कारखान्यात फिटर. सुट्टीच्या दिवशी मात्र कमरेला उपरणं बांधून, चिपळ्या घेऊन उभा राहायचा. एकोणऐंशी साली कंपनीने त्याला, वसईच्या फिलिपला आणि राजापूरच्या सिराजला सहा महिने ट्रेनिंगसाठी जपानला धाडलं होतं. तिथे दर रविवारी तिघं दोन डब्यांच्या गाडीने भातखाचरं ओलांडत डोंगरातल्या एका जुन्या देवळांच्या गावी जात आणि संध्याकाळी परतत.

"आभाळाला भिडल्याली झाडं! लाकडाचं देऊळ, शेकडो वर्सांचं!" गुंडू गात होता. "आनि दारातच तीर्थाची दगडी डोणी!"

फिलिपने तोंड फिरवलं. पुढचं त्याला पाठ होतं.

ती डोणी तीर्थाची नव्हती. देवापुढे जाण्याआधी लोक तिथे हात धुवायचे, चूळ भरायचे आणि खाली थुंकायचे. पहिल्याच रविवारी गुंडूने पळीभर पाणी पिऊन उरलेलं डोक्याला लावलं. चूळ टाकणाऱ्यांकडे बघून तो म्हणाला, "तीर्थ थुंकत्यात लेकाचे!" तेव्हा फिलिप पोट धरून हसला होता.

शेवटच्या रविवारी त्याचं हसू आटलं. आपल्याकडे शंकरावर घातलेलं पाणी गोमुखातून बाहेर पडतं आणि भाविक तिथेच भांडं धरतात. गुंडूनेही तेच केलं. डोणीच्या पायथ्याशी पन्हळ होती, तिच्याखाली बाटली धरली. वर एक म्हातारा घसा खाकरून खाकरून गुळण्या करत होता.

तीच बाटली आता गुंडूच्या देव्हाऱ्यात होती. आख्यान संपलं की प्रत्येकाला चमचाभर. बाटलीतलं पाणी कमी झालं की गुंडू वरून नळाचं ताजं भरायचा. "मिसळलं की समदं तीर्थच!"

"घ्या सिराजभाय."

पाच वेळा नमाज पढणारा सिराज उठून उभा राहिला. उजव्या हाताने चमचा घेऊन त्याने तीन घोटांत ते पाणी प्यायलं आणि डोळे मिटले. फिलिपला उमासा आला.

"आनि आमचं फिलिपशेठ?"

"मला सर्दी आहे."

"तीन वर्सं सर्दी? नाक हाय का कंपनीचा नळ?"

सगळे हसले. चमचा पुढच्या पोराच्या तोंडात गेला, तसाच, न धुता.

जिन्यावर फिलिपने सिराजला गाठलं. "तू होतास तिथे. सगळं बघितलं होतंस."

"बघितलं."

"आणि तरी पितोस? शी!"

"त्याचं मन मोडून तुला काय मिळणार? सोड यार. खलास."

पंधरा दिवसांनी गुंडूच्या बायकोचं पोटाचं ऑपरेशन झालं. वहिनी सलमानियाच्या हॉस्पिटलात होत्या. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, उकळलेलं पाणी चमचा चमचा द्या. फिलिप भेटायला पोचला तेव्हा गुंडू त्यांच्या उशाशी उभा होता. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात चमचा.

"पयला घोट तीर्थाचा, कारभारनी."

फिलिपला वहिनींच्या पोटावरची पट्टी दिसली. मग तो म्हातारा दिसला, त्याचा खाकरणारा घसा दिसला. त्याने झडप घालून बाटली ओढली आणि गुंडूला दंडाला धरून बाहेर नेलं. व्हरांड्यात बेसिनपाशी त्याने सगळं सांगून टाकलं. हात धुणं, चूळ, पन्हळ, सगळं.

गुंडू आधी हसला. मग त्याने फिलिपच्या तोंडाकडे बघितलं.

"खरं सांगतुयास?"

"मेरीमाउलीची शपथ."

"मग तीन वर्सं का गप ऱ्हायलास?"

"मित्र ना तू. वाईट वाटेल म्हणून."

"मित्र!" गुंडू बेसिनवर वाकला. "माझ्या हातानं... पोरांस्नी... समद्यांस्नी..." पुढचे शब्द ओकारीत बुडाले. तोंड पुसून तो मान खाली घालून निघून गेला. बायकोकडेही वळला नाही.

फिलिपने बाटली उलटी केली. शेवटचा थेंब गळेपर्यंत धरून ठेवली. मग साबणाने दोनदा हात धुतले. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याचं पोट शांत झालं.

एवढ्यात उकळलेल्या पाण्याचा थर्मास घेऊन सिराज आला. रिकामी बाटली बघून जागीच थबकला.

"ओतलंस?"

"सगळं. गुंडूला सांगितलंही. आता तूही सुटलास."

सिराज हळूच बाकावर बसला. रिकामी बाटली त्याने हातात घेतली.

"फिलिप, जपानचं पाणी आपण परत आलो त्याच आठवड्यात मी गुपचूप फेकलं होतं. बाटली गरम पाण्याने घासली. मलाही तुझ्याइतकीच घाण वाटली होती रे."

"मग तीन वर्षं बाटलीत होतं काय?"

तर मंडळी, आज हात जोडाल तेव्हा राजापूरच्या महमुदाबींची आठवण काढा. सिराजची आई ती. स्वतःच्या शेवटच्या घोटासाठी हजहून आणलेलं आणि लेक परदेशी निघाला तेव्हा त्याच्या पेटीत ठेवलेलं तिचं जमजम, मक्केचं ते पवित्र पाणी, त्या दिवशी बेसिनातून वाहून गेलं.