दुर्गाबाईंचा ताप

"गोळी नको," दुर्गाबाई म्हणाल्या. "ताप चढू दे."

पुण्यात धायरीच्या त्या भाड्याच्या खोलीत, भर दुपारी खिडक्या लावून, दोन चादरी अंगावर ओढून त्या पडल्या होत्या. हत्तीरोगाने सुजलेला उजवा पाय उशीवर होता. थर्मामीटरचा पारा एकशे पाचला टेकला होता. दवाखान्याला त्यांनी सकाळीच नाही म्हटलं होतं. मुलगी उत्कर्षा गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन शेजारी बसून राहिली.

ताप चढला की पायातले किडे भाजून मरतात, ही आईची जुनी समजूत. गावी, ब्रह्मपुरीलाही ती असेच ताप अंगावर काढायची. लहानपणी उत्कर्षाला ते खरं वाटायचं. पुण्यात येऊन तिने संशोधनाला विषयही तोच घेतला.

कालच प्रयोगशाळेत तिसऱ्यांदा तोच निकाल आला होता. म्हशीच्या पोटात सापडणारे, हत्तीरोगाच्या जंतांच्याच कुळातले जंत तिने एकेचाळीस अंश सेल्सिअसवर, म्हणजे जबर तापाइतक्या उष्णतेत ठेवले होते. तासाभरात त्यांच्यातलं एक जनुक दसपट जोमाने कामाला लागलं. त्यातून तयार झालेल्या प्रथिनाने जंतांना सांभाळून घेतलं. एकही मेला नव्हता.

"आई, घे ना. हात जोडते तुला."

"चार-पाच तास सोसलं का झालं. मरून राह्यले ते. मले कळते."

"नाही मरत." उत्कर्षा म्हणाली. "मी तापवून पाहिलेत. ताप चढला की ते स्वतःला वाचवायच्या तयारीला लागतात. संपत चाललीस ती तूच."

दुर्गाबाईंनी डोळे उघडले. फुटलेल्या ओठांवरून जीभ फिरवली. आता ऐकेल, असं उत्कर्षाला वाटलं. तिने गोळी आईच्या ओठांजवळ नेली.

"एकही नाही मेला?"

"एकही नाही."

दुर्गाबाईंनी तिचा हात हळूच बाजूला सारला. चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

"मंग अजून थोडं तापवून पाह्य," त्या म्हणाल्या. "मी थांबतो."