फ्रीजखालचा तुकडा

विहीणबाई यायच्या होत्या आणि ओट्यासमोर जमिनीवर अंथरलेलं व्हिनाइल फाटलेलं. "फ्रीजखालचा तुकडा कापून लावू, डिझाइन जुळेल," लेक म्हणाला.

फ्रीज सरकवला. शीऽऽ! चिकट काळा थर, केसांचे पुंजके आणि झुरळांच्या चार पिढ्या. त्यातलं थोरलं झुरळ तर मला "या आजी, बसा" म्हणालं!

"मी रोज दोनदा पुसते हो!" सून नाक दाबून म्हणाली.

लेकानं तुकडा घासूनपुसून चिकटवला. पाय न पडलेला तो, लख्ख पांढरा निघाला. त्याच्याशेजारी बाकीची जमीन इतकी पिवळी, तेलकट दिसली, की मला ओकारीच आली. सुनेनं घाईघाईनं तुकड्यावर पायपुसणं टाकलं.

"इथं फाटलंय वाटतं?" आल्या आल्या विहीणबाईंनी पायपुसण्याकडे बघत विचारलं.

"छे हो," मी म्हटलं, "तेवढंच स्वच्छ आहे."