शोकसभेतली घूंघूं

बाबांनी जन्मभर सभागृहांतल्या स्पीकरची घूंघूं घालवली आणि त्यांच्याच शोकसभेत त्या घूंघूंपायी एक शब्द धड ऐकू येत नव्हता. काका भाषण करत होते. "काय म्हणताहेत गं?" आई दर वाक्याला विचारत होती. आपल्या माणसाबद्दल लोक काय बोलतात, एवढंच ऐकायला ती आली होती.

शेवटी मी उठले. माइकचा मिक्सर एका भिंतीच्या प्लगला, अँप्लिफायर समोरच्या भिंतीच्या. दोघांचं अर्थिंग वेगवेगळं, म्हणून हा आवाज. मी दोन्ही बंद केले, एकाच बोर्डावर जोडले आणि पुन्हा सुरू केले. सभागृह एकदम शांत झालं.

घूंघूं नाही म्हणजे माइक अजून बंदच, असं समजून काका अध्यक्षांकडे वळले. "देवमाणूस वगैरे म्हणावं लागतं हो," त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोहोचला. "खरं तर महाहेकट. जन्मात कुणाचं ऐकलं नाही."

लोकांनी माना खाली घातल्या. आई मात्र बाबा गेल्यापासून पहिल्यांदा हसली.

"हं, आता पटलं," ती म्हणाली. "ह्यांच्याबद्दलच बोलताहेत."