वैशाखऱ्यापर्यंत

“वैशाखऱ्यापर्यंत नेतो. पण काय झालंय त्याला, ते आधी सांगा,” भगीरथ म्हणाला. जीपचं दार त्याने धरूनच ठेवलं.

हनुमानने मोठ्या भावाला दोन्ही हातांवर उचलून घेतलं होतं. बाळ्या पंधरा दिवस मुरबाडच्या दवाखान्यात होता, त्याचं नुसतं चिपाड राहिलं होतं. अंगावर घोंगडी, कानाला मफलर, तोंडाला मास्क. मागे त्याची बायको वेणू पिशवी घेऊन उभी होती.

“लिव्हर खराब झालंय, दादा,” वेणू म्हणाली. “डाक्टर बोलले, आता घरी न्या.”

“मागच्या साली एक म्हातारा या गाडीतच गेला. महिनाभर कोण बसाया तयार नाय. वाटेत काय झालं, तर तिथंच उतरवीन. मग रडायचं नाय.”

“वाटेत काय नाय होत.”

भगीरथने दार सोडलं. मागच्या बाकावर दोघांनी बाळ्याला मध्ये घेतलं. त्याचं डोकं वेणूच्या खांद्यावर टेकलं.

सरळगावला सुक्या बोंबलांची पाटी घेऊन सकुबाई चढली. समोरच्या बाकावर बसली आणि बाळ्याकडे बघत राहिली.

“झोपला काय गो?”

“रातभर डोळ्याला डोळा नव्हता, मावशी. एकच धोशा, मला बापाकडं ने.”

“बायको शेजारी असली की गडी डोळे मिटूनच बसतो,” भगीरथ आरशातून म्हणाला. “उघडे ठेवले तर ऐकून घ्याया लागतं!”

सकुबाई हसली. वेणूही हसली. हनुमान खिडकीबाहेर बघत होता.

टोकावड्याला जीप चहाला थांबली. भगीरथने तीन ग्लास आणून दिले. “पेशंटला पण पाज. बरं वाटंल.”

वेणूने पाठ वळवली. थोड्या वेळाने तीनही ग्लास रिकामे परत केले.

पुढे खड्ड्यात गाडी आदळली आणि बाळ्या एका अंगाला कलंडला. वेणूने त्याला ओढून सावरलं. “बसा नीट. आलंच आता घर.”

“आंग तापलंय काय, बघू,” म्हणत सकुबाईने त्याच्या कपाळाकडे हात नेला.

वेणूने तिचं मनगट धरलं.

“नको, मावशी. टीबी हाय त्यांना.”

भगीरथने करकचून ब्रेक मारला.

“लिव्हर बोलली होतीस ना? लोकांच्या जिवावर उठलीस काय?”

“नको उतरवू, दादा,” हनुमान म्हणाला. “दहा-पंधरा मिनिटांची तर वाट राहिली. हात जोडतो.”

भगीरथ बराच वेळ आरशात बघत राहिला. मग बाहेर थुंकला. “सगळ्या काचा उघडा.”

सकुबाई नाकाला पदर लावून पुढच्या सीटवर गेली.

वैशाखऱ्याच्या फाट्यावर बाळ्याचा बाप धाकलू वाट बघत होता. वर वाडीत गाडी जात नाही, म्हणून बांबूला चादरीची झोळी बांधून त्याने दोन गडी आणले होते. हातात नाचणीच्या पेजेची किटली होती.

हनुमानने भावाला झोळीत ठेवलं.

“पोरांना लांब ठेव रे बाबा, टीबी हाय त्याला!” सकुबाई गाडीतून ओरडली. जीप निघाली.

दोन्ही गडी मागे सरले. धाकलू मात्र झोळीपाशी उकिडवा बसला.

“बाळ्या, आलास ना रे घरी. ऊठ, दोन घोट घे.” त्याने किटलीचं झाकण काढलं आणि सुनेकडे बघितलं. “टीबी कवा झाला गो याला?”

जीप वळणाआड जाईपर्यंत वेणू थांबली. मग तिने सासऱ्याच्या हातातली किटली काढून घेतली.

“टीबी नाय झाला, मामा. ती म्हातारी कपाळाला हात लावत होती, म्हणून बोलले. अंग सकाळीच गार पडलंय.”